प्रकाशकावांचून खेळ

१

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले होते. चहा झाला, इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनीं येण्याचें कारण सांगितलें. मुलगा एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनींत चांगल्या पगारावर होता. ती नोकरी सोडून तो आतां घरीं बसून एकट्यानें व्हिडिओ गेम रचणार होता. "खेळ वाईट असें मी म्हणत नाहीं, सर," ते म्हणाले, "पण त्यावर संसार चालतो का, एवढेंच मला सांगा." आमचा विषय इतिहास, संगणकाशीं आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. परंतु एका बापाच्या काळजीस 'तो आमचा विषय नव्हे' असें उत्तर देणें आमच्यानें झालें नाहीं. थोडा अवधि मागून घेऊन आम्हीं त्यांस निरोप दिला, आणि इतिहासाच्या शिक्षकास जो एक मार्ग ठाऊक असतो त्या मार्गानें निघालों. आजवर हें कोणी केलें, कसें केलें आणि त्यांचें पुढें काय झालें, हें पाहूं लागलों. प्रस्तुत लेख त्या शोधाचें फळ आहे.

आरंभींच मूळ अडचण स्पष्ट केली पाहिजे. पुस्तकास कागद, छपाई, बांधणी लागते. नाटकास रंगमंदिर लागतें आणि त्याच्या दारावर तिकिट घेणारा माणूस उभा करतां येतो. संगणकावरील खेळ रचण्यास वर्षें लागतात, पण एकदां रचला कीं त्याची नक्कल क्षणांत होते व तिला जवळ जवळ कांहींच खर्च येत नाहीं. ज्या वस्तूची नक्कल फुकट होते तिची किंमत गिऱ्हाइकानें कां द्यावी? मोठा प्रकाशक हा प्रश्न आपल्या भांडवलानें व वकिलांच्या बळावर सोडवितो. तो रचनाकारास आगाऊ पैसे देतो, दुकानांत जागा मिळवितो, जाहिरात करतो आणि त्या बदल्यांत बहुधा खेळाची मालकीच घेऊन टाकतो. ज्यास ही मालकी सोडावयाची नाहीं, त्या स्वतंत्र कारागिरास उत्तर स्वतः शोधावें लागतें. गेल्या पंचेचाळीस वर्षांत अशीं अनेक उत्तरें शोधलीं गेलीं, आणि त्यांचा क्रम लावला म्हणजे त्यांतून एक बोधप्रद इतिहास तयार होतो.

२

पहिलें उत्तर अगदीं साधें होतें: पिशवींत घालून विकणें. १९७९ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत रिचर्ड गॅरियट नांवाचा नुकतीच शाळा संपविलेला मुलगा संगणकाच्या एका दुकानांत काम करीत होता. त्यानें स्वतःच्या हौसेनें रचलेला 'अकालाबेथ' हा खेळ दुकानाच्या चालकानें पाहिला व तो विकावयास ठेव असें सुचविलें. मुलानें फ्लॉपी व माहितीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्या दुकानांत टांगल्या. त्यांतील एक प्रत कॅलिफोर्नियांतील एका प्रकाशकाच्या हातीं पडली आणि पुढें प्रतीमागें कांहीं डॉलर या बोलीनें तो खेळ देशभर विकला गेला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८० सालीं, केन व रोबर्टा विल्यम्स या पतिपत्नींनीं 'मिस्टरी हाऊस' हा चित्रयुक्त साहसखेळ काढला. कथा रोबर्टाबाईंची, यंत्रावरील काम केनचें. तोहि पिशवींतच विकला गेला. किंमत २४ डॉलर ९५ सेंट. मासिकांत जाहिरात द्यावयाची, घरच्या टेलिफोनवर मागणी घ्यावयाची व टपालानें माल पाठवावयाचा, असा तो स्वयंपाकघरांतील व्यापार होता. पुढें त्यांतूनच 'सिएरा' ही मोठी कंपनी उभी राहिली.

इंग्लंडांत याच सुमारास सिंक्लेअर कंपनीचे स्वस्त संगणक मध्यम वर्गाच्या घराघरांत शिरले होते. १९८२ सालीं निघालेल्या 'स्पेक्ट्रम'वर खेळ चढवावयाचा तो साध्या कॅसेटवरून. केव्हिन टॉम्स यानें त्याच सालीं फुटबॉल संघाच्या व्यवस्थापनाचा एक खेळ रचून स्वतःच मासिकांतील जाहिरातींतून विकला. जाहिरातींवर व वेष्टनावर त्याचा स्वतःचा दाढीवाला चेहरा छापलेला असे. घेणाऱ्यास करणारा कोण हें ठाऊक असावें, ही त्या काळची भोळी पण शहाणपणाची रीत आम्हांस लक्षणीय वाटते; तिचें महत्त्व लेखाच्या शेवटीं दिसून येईल.

परंतु ही पद्धत फार दिवस टिकली नाहीं. कॅसेटची नक्कल दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर शाळकरी पोरेंहि करूं लागलीं. तिकडे दुकानांचीं फडताळें भरलीं, वेष्टनें भपकेबाज झालीं, आणि फडताळावरची जागा ज्याच्या हातीं तोच धनी होऊन बसला. पिशवीवाल्यांपैकीं कांहीं स्वतः प्रकाशक झाले, कांहीं प्रकाशकांचे नोकर झाले आणि पुष्कळसे आपापल्या दुसऱ्या उद्योगास लागले.

३

दुसरें उत्तर अधिक चमत्कारिक होतें, आणि तें खेळवाल्यांनीं शोधलेलें नव्हतें. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांतील अँड्र्यू फ्लूगेलमन यानें टेलिफोनच्या तारेवरून संगणकांचें परस्परांशीं बोलणें घडवून आणणारा 'पीसी-टॉक' हा प्रोग्रॅम रचला, आणि तो विकण्याऐवजीं लोकांस वाटून टाकला. सोबत एक विनंति होती: नक्कल करा, मित्रांस द्या, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा. तिकडे सिॲटलच्या परिसरांत राहणाऱ्या जिम नॉफ यानेंहि, फ्लूगेलमनची कांहीं माहिती नसतां, आपला माहिती नोंदविण्याचा प्रोग्रॅम अशाच रीतीनें वाटला होता. त्याची मागणी १० डॉलरांची होती. दोघांची गांठ पडली तेव्हां एकमेकांस प्रतिस्पर्धी मानण्याऐवजीं त्यांनीं दर सारखा केला, नांवें एकमेकांस जुळतीं ठेवलीं व आपापल्या प्रोग्रॅममध्यें दुसऱ्याची शिफारस घातली. १९८३ सालीं बॉब वॉलेस यानें आपल्या लेखन-प्रोग्रॅमसाठीं 'शेअरवेअर' हा शब्द रूढ केला. त्याची युक्ति आणखी एक पाऊल पुढें होती. पैसे भरून नोंदलेल्या गिऱ्हाइकाच्या नकलेवरून दुसरा कोणी नोंदला गेला, तर त्या पहिल्या गिऱ्हाइकास २५ डॉलर दलाली मिळे. ज्या नकलेनें व्यापार बुडतो असें सारे म्हणत होते, त्या नकलेलाच या तिघांनीं आपला फिरता विक्रेता बनविलें.

आमच्या वाचकांस ही पद्धत परकी वाटूं नये. देवळांतील कीर्तनास तिकिट नसतें. कोणीहि यावें, ऐकावें, आणि शेवटीं आरतीचें ताट फिरतें तेव्हां ज्याच्या मनांत येईल त्यानें येईल तें टाकावें. पण जो बुवा नेहमीं येतो व ज्याच्या निरूपणाची श्रोत्यांस गरज वाटते, त्याच्या ताटांत कांहीं पडतें. एकदांच करमणूक करून दुसऱ्या गांवीं जाणाऱ्या गारुड्याच्या झोळींत फारसें पडत नाहीं. खेळांच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. पत्रें लिहिण्याचा प्रोग्रॅम रोज लागतो, म्हणून कधीं ना कधीं मन टोचतें आणि माणूस चेक लिहितो. खेळ चार दिवसांत संपतो, कंटाळा येतो आणि विनंतीचा कागद विसरला जातो.

टेक्सासांतील गारलंड गांवच्या स्कॉट मिलरला हा अनुभव येऊन चुकला होता. संबंध खेळ वाटून देणगी मागण्यांत त्याच्या हातीं फारसें कांहीं लागलें नाहीं. तेव्हां १९८७ सालीं 'क्रोझ' नांवाचा खेळ काढतांना त्यानें एक बदल केला. खेळाचे अनेक भाग पाडले, पहिला भाग पूर्णपणें फुकट दिला आणि पुढचे भाग मात्र पैसे पाठविणारासच. पूर्वरंग सर्वांस मोकळा, उत्तररंगास बिदागी! मिलरनें गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकावरील भार काढून तो त्याच्या उत्कंठेवर ठेवला. नीतिदृष्ट्या ही पायरी खालची म्हणावी कीं काय, असा प्रश्न कोणी विचारील. व्यवहारदृष्ट्या ती वरची ठरली यांत शंका नाहीं. चेक येऊं लागले, आणि 'अपोजी' या त्याच्या संस्थेच्या नांवानेंच ही पद्धत ओळखली जाऊं लागली.

यानंतरची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट येथें 'सॉफ्टडिस्क' नांवाची एक कंपनी फ्लॉपीवर नियतकालिकें काढीत असे, व जॉन रोमेरो हा तरुण तेथें पगारी खेळकार होता. मिलरला तो हवा होता. पण कंपनीच्या पत्त्यावर येणारीं पत्रें आधीं कंपनीच उघडील अशी त्याला भीति. म्हणून त्यानें वेगवेगळीं नांवें धारण करून रोमेरोस चाहत्याचीं म्हणून पत्रें धाडलीं. रोमेरोनें तीं कौतुकानें भिंतीवर लावलीं; आणि एके दिवशीं त्याच्या लक्षांत आलें कीं, इतक्या निरनिराळ्या चाहत्यांचा पत्ता मात्र एकच आहे! यांतून ओळख झाली. मिलरनें २,००० डॉलर आगाऊ पाठविले, आणि रोमेरो, जॉन कारमॅक, टॉम हॉल व एड्रियन कारमॅक या मंडळींनीं दिवसां नोकरी करून रात्रीं व सुटीच्या दिवशीं 'कमांडर कीन' हा त्रिखंड खेळ रचला. कंपनीचे संगणक शनिवार-रविवारसाठीं घरीं न्यावयाचे व मग परत आणावयाचे. १४ डिसेंबर १९९० रोजीं पहिला भाग मोकळा सोडला. महिनाभरानें मिलरकडून त्यांस पहिला चेक आला तो १०,५०० डॉलरांचा. तेव्हां त्यांनीं नोकरी सोडून 'इड सॉफ्टवेअर' ही स्वतःची संस्था काढली. ज्या कंपनीचे संगणक वापरले होते तिला त्यांनीं पुढें कांहीं खेळ करून देऊन तो हिशेब पुरा केला. नोकरी आधीं सुटली नाहीं, चेक आधीं आला, हा क्रम आमच्या पाहुण्यांसाठीं आम्हीं मुद्दाम टिपून ठेवला.

याच मंडळींनीं १० डिसेंबर १९९३ रोजीं 'डूम' हा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर चढविला, तेव्हां घेणारांची अशी झुंबड उडाली कीं तो संगणकच अडून बसला. पहिले नऊ टप्पे फुकट. पुढचे दोन भाग हवे असतील तर टेलिफोन करून पैसे भरा. फुकट भागाची फ्लॉपी दुकानदारांनीं वाटेल त्या किंमतीस विकावी व तो पैसा स्वतःच ठेवावा, अशीहि त्यांस मुभा दिली होती. मेरिलंड संस्थानांत टिम स्वीनी हा विद्यार्थी १९९१ पासून आईबापांच्या घरांतून 'झेडझेडटी' नांवाचा खेळ याच पद्धतीनें विकीत होता. त्याचें चित्र म्हणजे निव्वळ अक्षरें व चिन्हें. पण नवे प्रदेश रचण्याचें साधनहि त्यानें खेळासोबतच देऊन टाकलें होतें, व तेंच लोकांस अधिक आवडलें. आज 'एपिक' या नांवानें जगास ठाऊक असलेली प्रचंड कंपनी ती हीच.

अशा दोनतीन दिग्विजयांवरून मत बनवूं नये. आम्हांस अधिक विचार करावयास लावणारा मनुष्य निराळाच आहे. सिॲटलच्या जेफ व्होगल यानें १९९५ च्या आरंभीं 'एक्झाइल' हा पहिला खेळ शेअरवेअर म्हणून विकला. त्याच्या खेळांचीं चित्रें साधीं, कथा लांब, गिऱ्हाइकें थोडीं पण निष्ठावंत. तो अब्जाधीश झाला नाहीं. मात्र तीन दशकें याच धंद्यावर त्यानें कुटुंब चालविलें व जुने खेळ पुनः नव्या यंत्रांसाठीं सुधारून विकले. बापानें मुलाविषयीं विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर 'डूम'पेक्षां येथें सांपडतें.

४

पुढें सीडी आल्या, खेळांचा आकार व खर्च वाढला, आणि शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रकाशकांचें राज्य पुनः बळकट झालें. मधल्या काळांत 'फ्लॅश' या साधनानें केलेले छोटे खेळ इंटरनेटवर फुकट खेळावयास मिळत. करणारास जाहिरातींतून किंवा एखाद्या संकेतस्थळानें दिलेल्या पुरस्कारांतून थोडा पैसा मिळे. अनेक तरुणांची ती शाळा होती. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्या साधनाचा आधारच काढून घेण्यांत आला.

खरें स्थित्यंतर आलें तें इंटरनेटवरील दुकानांमुळें. 'व्हॉल्व्ह' कंपनीचें 'स्टीम' २००३ सालीं सुरू झालें व २००५ पासून तें इतरांचेहि खेळ विकूं लागलें. २००८ च्या जुलैंत ॲपलचें ॲप स्टोअर उघडलें. त्याच सालीं ऑगस्टांत जोनाथन ब्लो याचा 'ब्रेड' हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावरील दुकानांत आला. काळ मागें वळवितां येणें या एका कल्पनेवर उभारलेल्या या खेळावर त्यानें स्वतःचे सुमारें दोन लाख डॉलर घातले होते. तो विकला गेला आणि एका माणसाची दृष्टि घेऊन आलेला खेळ बाजारांत उभा राहूं शकतो असा विश्वास सर्वत्र पसरला.

या दुकानांची अडत साधारणतः शेंकडा ३० होती. फडताळावर टांगलेल्या पेटींत करणाराच्या वांट्यास जें येई त्याच्या मानानें उरलेले ७० ही मोठी प्राप्ति होती, म्हणून प्रथम कोणी कुरकुर केली नाहीं. कुरकुर मागून सुरू झाली. २०१८ सालीं स्टीमनें अडत उतरविली ती एक कोटि डॉलरांच्या वर विकल्या जाणाऱ्या खेळांसाठीं. म्हणजे सवलत थोरांस, लहानांस जुनाच दर. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एपिकनें शेंकडा १२ च्या दरानें दुसरें दुकान उघडलें, आणि २०२१ च्या आरंभापासून ॲपलनें लहान व्यापाऱ्यांसाठीं दर १५ वर आणला. २०१३ सालीं निघालेल्या 'इच' या छोट्या दुकानांत तर दुकानाचा वांटा किती हें विकणारानेंच ठरवावयाचें, तो शून्यहि ठेवतां येतो.

टेलिफोनवरील दुकानांत एक निराळीच आपत्ति ओढवली. तेथें किंमती उतरत उतरत शून्यावर आल्या, आणि मिळकत जाहिरातींवर किंवा खेळाच्या आंत मांडलेल्या लहान लहान विक्रीवर येऊन ठेपली. व्हिएतनामच्या न्गुयेन हा डोंग या तरुणानें २०१३ सालीं 'फ्लॅपी बर्ड' नांवाचा इवलासा खेळ काढला. कांहीं महिन्यांनीं त्याचें वेड जगभर पसरलें आणि केवळ जाहिरातींतून दिवसाकाठीं सुमारें ५०,००० डॉलर येऊं लागले. २०१४ च्या फेब्रुवारींत त्यानें तो खेळ स्वतःच काढून टाकला. लोकांस त्याचें व्यसन लागलें, व स्वतःचें साधें आयुष्यहि हरपलें, असें त्याचें म्हणणें होतें. मिळकत बंद करण्याचा हक्क त्याला वापरतां आला, कारण खेळ त्याचा स्वतःचा होता. कोणत्याहि प्रकाशकानें त्याला तें करूं दिलें नसतें.

त्याच फेब्रुवारींत 'थ्रीज' हा आंकड्यांचा खेळ निघाला. दोघा मित्रांनीं एका संगीतकाराच्या साहाय्यानें चौदा महिने खपून तो घासूनपुसून केला होता. महिनाभरांत '२०४८' हा त्याच वळणाचा फुकट खेळ आला. एका इटालियन तरुणानें तो शनिवार-रविवारांत केला होता, व त्याहि आधींच्या एका नकलेवरून त्याला ती कल्पना सुचली होती. पुढें असें झालें कीं, मूळ खेळच नकलेची नक्कल आहे असें लोक म्हणूं लागले. खेळाच्या नियमांस व कल्पनेस ग्रंथस्वामित्वाचा कायदा संरक्षण देत नाहीं. तो केवळ आविष्कारास संरक्षण देतो. तेव्हां एका बैठकींत समजेल व दोन दिवसांत उतरवितां येईल अशा खेळावर संसार मांडणें धोक्याचें, हा बोध येथें मिळतो.

५

पुस्तक छापण्यापूर्वीं वर्गणीदार मिळवून त्यांच्या आगाऊ पैशानें छपाई करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. खेळांत ती दोन रूपांनीं आली. स्वीडनच्या मार्कुस पर्सन यानें २००९ च्या मे महिन्यांत 'माइनक्राफ्ट' हा अर्धवट खेळ लोकांपुढें ठेवला व जूनपासून सुमारें १० युरोंस विकावयास काढला. आतां घेईल त्याला स्वस्त, पुढची सुधारणा फुकट, आणि खेळ जसजसा पूर्णत्वास जाईल तसतशी किंमत वाढेल, अशी ती बोली होती. नोव्हेंबर २०११ मध्यें खेळ 'पूर्ण' म्हणून जाहीर झाला तेव्हां लाखों लोक तो आधींच खेळत होते. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती संस्था अडीच अब्ज डॉलरांस घेतली.

दुसरें रूप लोकवर्गणीचें. २०१२ च्या आरंभीं टिम शेफर या नामांकित रचनाकाराच्या संस्थेनें 'किकस्टार्टर'वर ४ लाख डॉलर मागितले. महिन्याभरांत ८७,००० हून अधिक लोकांनीं ३३ लाखांवर रक्कम जमविली. परंतु पैसा वाढला तसे मनोरथहि वाढले. खेळास ठरल्यापेक्षां फार विलंब झाला आणि तो अखेर दोन भागांत, २०१४ व २०१५ सालीं, हातीं आला. याउलट टोबी फॉक्स यानें २०१३ सालीं केवळ ५,००० डॉलर मागितले, ५१,००० मिळविले, आणि २०१५ सालीं 'अंडरटेल' काढला. त्याचें पुष्कळसें काम त्यानें एकट्यानें केलें होतें. वर्गणी हें कर्ज असतें, आणि तें पैशानें फेडतां येत नाहीं, वस्तूनेंच फेडावें लागतें. अशा योजनांतून पुरे न झालेले खेळहि पुष्कळ आहेत, आणि त्यांनीं पुढील वर्गणीदारांचा हात आंखडविला.

'तुम्हांस वाटेल तें द्या' हा प्रयोगहि याच काळांत झाला. दोघांनीं रचलेल्या 'वर्ल्ड ऑफ गू' या खेळाच्या वाढदिवशीं, ऑक्टोबर २००९ मध्यें, त्याची किंमत घेणाराच्या मर्जीवर सोडण्यांत आली. आठवड्यांत सुमारें ५७,००० प्रती गेल्या. सरासरी दोन डॉलर पडली, पण सर्वांत अधिक लोकांनीं दिलेली रक्कम होती एक सेंट! मे २०१० मध्यें 'हंबल बंडल' या नांवानें कांहीं स्वतंत्र खेळांचा गठ्ठा असाच विकला. दिलेल्या पैशांतील किती भाग कारागिरांस व किती धर्मादाय संस्थांस द्यावयाचा, हेंहि देणारानेंच ठरवावयाचें होतें. १२ लाखांहून अधिक डॉलर जमले. एक सेंट दिला तरी चालत असतां सुमारें चतुर्थांश प्रती चोरूनच उतरविल्या गेल्या असा विक्रेत्यांचा अंदाज होता. मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकानें हे दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं ठेवावे. औदार्य खरें आहे आणि चोरीहि खरी आहे. धंदा दोहोंचा हिशेब धरूनच करावा लागतो.

६

आतां ज्या दोन उदाहरणांनीं आमच्या मनावर विशेष परिणाम केला तीं सांगतों. टार्न ॲडम्स हा स्टॅनफर्डचा गणितांतील डॉक्टर. २००६ सालीं विद्यापीठांतील जागा सोडून तो वडील बंधु झॅक यासह 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या खेळास लागला. चित्रांऐवजीं अक्षरें, पण आंत एका अख्ख्या जगाचा इतिहास, वंशावळी, युद्धें, विहिरी, दारू, स्मारकें! खेळ फुकट, मिळकत देणग्यांची. देणगी पाठविणारास बंधु हातानें काढलेलें रंगीत खडूंचें चित्र किंवा एक छोटी गोष्ट पाठवीत, आणि दरमहा किती देणगी आली तें प्रसिद्ध करीत. असा संसार कित्येक वर्षें चालला. मग झॅकला कर्करोगानें गांठलें. तो बरा झाला, परंतु अमेरिकेंत औषधोपचाराचा खर्च काय असतो याची जाणीव दोघांसहि झाली. फुकट खेळ फुकटच ठेवून, चित्रांनीं सजविलेली आवृत्ति विकावयाची असें त्यांनीं ठरविलें. ६ डिसेंबर २०२२ रोजीं ती ३० डॉलरांस बाजारांत आली. आधींच्या महिन्याचा जमा-आंकडा पंधरा हजार डॉलरांच्या आसपास होता. जानेवारी २०२३ चा सत्तर लाखांच्या वर गेला. सोळा वर्षें ज्यांनीं फुकट खेळ खेळला होता त्यांनींच तो आतां विकत घेतला. आम्ही याला उशिरां आलेली दक्षिणा म्हणतों.

दुसरें उदाहरण एरिक बॅरोन याचें. २०११ सालीं पदवी घेतली, नोकरी मिळेना, म्हणून सराव म्हणून खेळ रचूं लागला, तो साडेचार वर्षें रचीतच राहिला. चित्रें, संगीत, संभाषणें, सर्व एकट्याचें. या काळांत तो सिॲटलच्या एका नाट्यगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याचें काम करी, आणि घराचा मुख्य भार त्याच्या सहचारिणीच्या पगारावर होता. अर्धवट खेळ विकण्याची सोय असतांहि त्यानें ती नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्यें 'स्टारड्यू व्हॅली' निघाली व दोन महिन्यांत तिच्या दहा लाख प्रती गेल्या. ही कथा सांगणारे बहुधा दहा लाखांवर भर देतात. आम्ही वाचकांचें लक्ष त्या सहचारिणीच्या पगाराकडे वेधूं इच्छितों. स्वतंत्र कारागिराचा पहिला भांडवलदार बहुतेक वेळां घरांतच असतो.

पुण्याचेंहि उदाहरण आहे. 'नॉडिंग हेड्स' या पुण्यांतील लहान संस्थेनें 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर व पहाडी चित्रशैलीवर आधारलेला खेळ हातीं घेतला. २०१७ सालची त्यांची लोकवर्गणी अयशस्वी झाली. संस्थापकांपैकीं एकीनें तर या कामासाठीं आपलें घर विकलें. परदेशी अनुदान व प्रकाशक मिळवून २०२० सालीं तो खेळ पुरा झाला आणि जगभर नांवाजला गेला. भारतीय कारागीर हें करूं शकतो हें त्यानें सिद्ध केलें. आणि त्याची किंमत घराएवढी असूं शकते हेंहि.

७

या इतिहासावरून निष्कर्ष काढतांना एक सावधगिरी घेतली पाहिजे. वर आलेलीं नांवें वांचलेल्यांचीं आहेत. युद्धांतून परतलेल्या शिपायांच्या आठवणींवरून युद्धांत कोणी मरत नाहीं असें अनुमान निघेल, तसेंच हें होय. २०१७ सालापासून स्टीमवर १०० डॉलर भरून कोणासहि खेळ मांडतां येतो. २०२४ सालीं तेथें वर्षभरांत १८,००० हून अधिक नवे खेळ आले. दार सताड उघडें आहे, आणि म्हणूनच आंतल्या गर्दींत तोंड ओळखूं येणें दुर्घट झालें आहे.

प्रत्येक उपाय प्रथम योजणारांस फळला, आणि त्या उपायावर गर्दी झाली कीं आटला. पिशवी, पहिला भाग फुकट, गठ्ठा, लोकवर्गणी, सर्वांची हीच गति. तेव्हां आजचा यशस्वी मार्ग उद्यांसाठीं गिरविणें व्यर्थ आहे. शिवाय परक्याच्या जमिनीवर बांधलेल्या घरास जमीनदाराची लहर सोसावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्यें 'युनिटी' या खेळ रचण्याच्या साधनाच्या कंपनीनें प्रत्येक नव्या स्थापनेमागें शुल्क लावण्याचें जाहीर केलें, तेव्हां हजारों कारागिरांची झोंप उडाली. वर्षानें तें शुल्क रद्द झालें, पण तें रद्द होणें कारागिरांच्या हातीं नव्हतें. मात्र एक धागा १९८२ च्या त्या दाढीवाल्या चेहऱ्यापासून ॲडम्स बंधूंच्या खडूच्या चित्रापर्यंत अखंड दिसतो. करणारा व घेणारा यांची एकमेकांशीं ओळख जेथें टिकली, तेथें नकलेचा पूर आला तरी पैसे देणारे थोडेबहुत उरले. लोक ओळखीच्या माणसाला सहसा बुडवीत नाहींत.

आम्हीं त्या गृहस्थांस पत्र लिहिलें. यावर संसार चालतो, पण फार थोड्यांचा, आणि त्यांतहि उशिरां. म्हणून पहिला खेळ लहान असावा, तो नोकरी सांभाळून पुरा करावा, त्याची मालकी कोणास देऊं नये, आणि जीं पहिलीं शंभर गिऱ्हाइकें मिळतील त्यांच्या पत्रांस स्वतः उत्तरें द्यावींत, असें त्यांत होतें. घर विकूं नये, हेंहि लिहिलें. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें तें मुलाचें. नोकरी त्यानें वर्षभर ठेवावयाचें कबूल केलें होतें, आणि खालीं एक ओळ अधिक होती: पहिला खेळ तयार झाला कीं सरांस फुकट प्रत मिळेल. आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, फुकट नको, किंमत कळवावी.